जाळीखालचा शिपाई

बुटाच्या तळाच्या खाचेत रुतलेलं बीचच्या झाडाच्या फळाचं काटेरी टरफल... सकाळी म्यूरियलनं ते उपसून काढलं नाही, नुसतं बघितलं. तिचा नवरा लेनर्ड हिवाळ्यात वारला, तेव्हापासून त्याचे बूट मागल्या दाराशी तसेच पडून होते. टाचेला पांढरी खडूची माती, वाळून घट्ट झालेली. म्हणजे खडूच्या टेकडीचा उतार, त्याला लागून बीचची झाडी — आणि तो जेवायला नेहमी वेळेवर परतायचा, म्हणजे लांब नाही. वेडा! इतकी वर्षं जागा लपवलीस आणि बूट मात्र कधी पुसले नाहीस.

आता जूनच्या उन्हात काठी टेकत ती त्याच उताराच्या कडेनं चालली होती आणि तिला तिळमात्र शंका नव्हती. रानातली ऑर्किडं हुडकणाऱ्यांचा एक नियम असतो — जागा कुणाला सांगायची नाही. नवऱ्याला नाही, बायकोला नाही. माझ्या माशी ऑर्किडची, त्या माशीसारख्या दिसणाऱ्या फुलाची, जागा तरी त्याला कुठे ठाऊक होती? संध्याकाळी चहाला तो विचारायचा, काही सापडलं? मी म्हणायचे, छे. मी विचारलं की तोही म्हणायचा, छे. आणि दोघंही चहात बिस्किट बुडवत गालातल्या गालात हसायचो... पण शिपाई ऑर्किड! टोप घातलेल्या चिमुकल्या गुलाबी माणसांचा तुरा, साऱ्या इंग्लंडात मोजक्या ठिकाणी उरलेला. लेनर्ड म्हणायचा, त्यातला एक माझा आहे. दफनानंतर सँडविच खाता खाता त्यांच्या ऑर्किड हुडकणाऱ्यांच्या मंडळातला क्लाइव म्हणाला होता, "लेनर्ड भला माणूस. पण त्याचा तो शिपाई म्हणजे, आपल्यात म्हणून सांगतो, थाप हो!" ते तिला फार लागलं होतं, अजून लागत होतं. थापाड्या माणसाशी मी संसार केलेला नाही. आज ते बघायचंच.

पाऊल टाकण्याआधी ती जमीन निरखत होती. फोटोसाठी गुडघे टेकणारे हौशी लोक फुलाकडे बघतात आणि शेजारची पुढल्या वर्षांची रोपं चिरडतात.

झाडीच्या कडेला काहीतरी चमकलं. जाळीचं झाकण — केक झाकायचं, मूठ तुटलेलं, तिचं स्वतःचं! ते हरवलं तेव्हा शेजारच्या डोरीननंच नेलं असं धरून तिनं डोरीनशी बोलणं टाकलं होतं, ते आजतागायत. आणि ते इथे होतं, सशांनी तोंड लावू नये म्हणून तंबूच्या खुंट्यांनी जमिनीत ठोकलेलं. तुरा वाढेल तसं ते उचलावं लागतं. यंदा उचलायला कुणी आलं नव्हतं. तुरा जाळीला टेकून आडवा वाकला होता आणि तसाच, वाकल्या मानेनं फुलला होता.

"खरं होतं रे," ती मोठ्यानं म्हणाली आणि रडली.

मग तिनं खुंट्या काढल्या, झाकण उंच केलं, खालच्या फटीत काटेरी डहाळ्या दाटून खोचल्या. तुरा सरळ होईल? न व्हायला काय झालं!

खाली फाटकाशी नेमका क्लाइव उभा, गळ्यात कॅमेरा.

"काय म्यूरियलबाई, गुडघ्यांना माती? घबाड सापडलं वाटतं!"

चला, दाखवते — शब्द अगदी ओठांवर आले होते. दोनशे पावलं चालवलं असतं की त्याचं तोंड कायमचं बंद.

"छे," ती म्हणाली. "घसरले. तुम्हाला काही?"

"छे."

घराकडे चालताना तिनं त्याचं ते "थाप हो" मुद्दाम आठवून बघितलं, पण आता ते लागेना. क्लाइवला थाप वाटते तोवर इकडे कुणी फिरकणार नाही... लेनर्ड, हे तुला ठाऊक होतं. लोक हसायचे आणि तू हसू द्यायचास. माझं झाकण तेवढं विचारून न्यायचं होतंस.

आता डोरीनची माफी मागायची होती, आणि झाकण कुठे सापडलं ते तिला सांगता येणार नव्हतं. काहीतरी थाप मारावी लागेल. म्यूरियल मजेत विचार करू लागली — चांगली, पटेल अशी.