पुसलं जाणारं ग्रीक

लॅपटॉप उघडण्याआधी झ्लातिना खाली वाकली. झाकणाच्या फटीत रात्री अडकवलेला लाल दोरा जागच्या जागी होता. तो तिने अलगद ओढून काढला, झाकण वर केलं आणि लॅम्डा हे ग्रीक अक्षर उमटवून पाहिलं. उमटलं ते बल्गेरियन अक्षर. ग्रीक कीबोर्ड पुन्हा गायब.

म्हणजे दोऱ्यालाही धक्का न लावता कुणीतरी आत शिरत होतं. आणि या घरात असलं काही येणारा होता तो एकटा जावई, कामेन.

लॅपटॉप कामेननेच आणून दिला होता, सगळी मांडणीही त्याचीच. झ्लातिना ग्रीक चित्रपटांची सबटायटल्स बल्गेरियनमध्ये करायची. अडलं की अथेन्सला लिहून विचारावं लागे, तेही ग्रीकमध्ये. ती प्लॉवदिवला मुलीकडे, व्याराकडे, राहायला आल्यापासून कामेन अधूनमधून म्हणे, "आई, पुरे झालं आता काम. आराम करा." ती हसून सोडून देई. पण ग्रीक बसवावं आणि चार दिवसांत ते उडावं, असं होऊ लागल्यावर त्या 'पुरे झालं'चा तिला वेगळाच वास येऊ लागला.

कामेन स्वयंपाकघरात स्वतःचा लॅपटॉप उघडून बसला होता. बाजूला बशीत अर्धी खाल्लेली चीजची बनित्सा.

"माझ्या मशिनमध्ये कोण शिरतं रे?"

"कोण शिरणार, आई?"

"मग माझं ग्रीक काय उंदरांनी खाल्लं?"

तो हसला. तिचा चेहरा पाहिला तसा थांबला.

"ग्रीक तुम्ही हाताने बसवलंत? अहो, मग ते टिकणारच नाही." त्याने एक फाइल उघडून तिच्याकडे वळवली. "तुमचं मशीन कसं असावं, ते सगळं इथे लिहिलंय. रंग, अक्षरं, कीबोर्ड. इथे नाही, ते त्याच्या लेखी नाहीच. मी इथून फाइल पाठवली की ते सगळं या बरहुकूम नव्याने मांडतं. तुम्ही हाताने केलेलं जातं पुसून."

बल्गेरियनच्या पुढे त्याने ग्रीक लिहिलं आणि एक कळ दाबली.

"झालं. आता नाही जायचं."

एवढंच होतं तर! झ्लातिनाला त्या दोऱ्याची लाज वाटली. ती दारापर्यंत गेली आणि तिथेच वळली.

"तू पाठवल्याशिवाय पुसत नाही म्हणालास ना?"

"हो."

"मग सारखं सारखं काय पाठवत होतास?"

कामेन बशीतला चुरा बोटाने गोळा करू लागला.

"कामेन."

त्याने फाइलमधल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "अक्षरांचा आकार. अकरा होता, आता सतरा आहे. थोडा थोडा वाढवत नेला. तुम्ही पडद्याला नाक लावून बसायचात."

"तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"चष्म्याचं नाव काढलं की तुम्ही ताटावरून उठता, आई."

उन्हाळ्यापासून डोळे सुधारलेत, असं ती भेटेल त्या मैत्रिणीला सांगत होती. ती आत जाऊन लॅपटॉप घेऊन आली आणि त्याच्यासमोर ठेवला.

"अकरा कर."

"कशाला उगाच?"

"कर म्हणते ना."

त्याने केलं. पडद्यावरची वाक्यं आक्रसली. झ्लातिना पाठ ताठ ठेवून बसून राहिली. पुढे झुकली नाही. जिथे ओळी होत्या तिथे नुसत्या मुंग्यांच्या रांगा दिसत होत्या. कामेन खिडकीबाहेर पाहत होता.

"व्याराला माहितीय?" तिने विचारलं.

"नाही."

"सांगणार आहेस?"

"तुम्ही सांगा. वाटेल तेव्हा."

मग तिने त्याची बशी आपल्याकडे ओढली आणि बनित्साचा तुकडा मोडला.

"सतराही कमीच पडत होता," ती म्हणाली. "अठरा लिही."