पाच तास चाळीस मिनिटं

सकाळी आठला भाच्याचा फोन आला आणि थोरलीच्या हातातली कात्री कापडावरच थांबली. परक्या देशातल्या तिच्या धाकट्या बहिणीच्या हृदयाचं ऑपरेशन संध्याकाळी सहाला ठरलं होतं. उद्यावर ढकलण्यात धोका होता.

थोरलीने सुनेला मोबाइलवर अंतर बघायला लावलं. चार हजार तीनशे किलोमीटर, विमानाला पाच तास चाळीस मिनिटं. एवढंच? एवढ्या वेळात तिने पूर्वी दोन फ्रॉक शिवून हातावेगळे केले असते! बहिणीला भेटायला जायचं म्हणून व्हिसाही महिन्यापूर्वीच आला होता. तिने लगेच फोन लावला.

"घाबरू नकोस गं. सहाच्या आत मी तुझ्या उशाशी."

"नक्की ना, ताई?"

"पाच तास चाळीस मिनिटं. मोजून!"

मग मुलगा तिकीट काढायला बसला. "आई, थेट विमानच नाही. मध्ये दुसऱ्या शहरात उतरायचं, तिथे नऊ तास थांबायचं. पोचशील उद्या सकाळी."

"पण मोबाइल तर म्हणाला..."

"ते सरळ रेषेतलं, आई. मधे कुठे न थांबता उडालीस तर."

हे धाकटीला सांगायला तिची जीभ रेटेना. विमानतळावरून सांगू, म्हणाली. मग विमानात बसल्यावर सांगू, म्हणाली. तेवढ्यात ते उडालंसुद्धा.

आई गेली तेव्हा धाकटी सात वर्षांची होती. थोरली मशीन चालवायची, ती खाली बसून बटणं लावायची. थोरली गिऱ्हाइकाकडे कपडे पोचवायला निघाली की धाकटीचं सुरू, "कधी येशील? सांगून जा." थोरली वेळ सांगायची आणि त्या वेळेला दारात हजर व्हायची. एकदाही चुकली नव्हती.

मधल्या शहरात उतरून तिने फोन सुरू केला, तर भाच्याचे अकरा फोन येऊन गेले होते आणि बारावा वाजत होता.

"मावशी, कुठे आहेस तू? आई आत जायलाच तयार नाही. ताई आल्याशिवाय हात लावू देणार नाही म्हणते. डॉक्टर दोनदा ओरडून गेले."

"तिला दे फोन."

"उतरलीस का गं?" धाकटीचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"उतरले. पण भलत्याच गावात. थेट विमान नव्हतंच गं. उद्या सकाळी पोचेन."



"मुंढा सरळ मोजलास, ताई."

काखेपाशी बाही जोडतात तो मुंढा. त्याचं माप टेप वळवून घ्यायचं, सरळ धरलं की बाही बसत नाही. धाकटीला हे थोरलीनेच शिकवलं होतं, पट्टीचे फटके देऊन.

"मोजला गं बाई."

"मग फटके कुणी खायचे?"

"आले की दे मला. पण आता आत जा. माझी वाट बघू नकोस." हे वाक्य तिने बहिणीला आयुष्यात पहिल्यांदाच म्हटलं.

"पण तू म्हणाली होतीस..."

पुढे स्ट्रेचरच्या चाकांचा खडखडाट आला आणि फोन बंद झाला.

थोरली काचेपाशी जाऊन बसली. पर्समधला टेप काढून ती बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. अजून आठ तास पन्नास मिनिटं होती. समोरून एक विमान उडालं. ते कुठल्या दिशेला वळलं, तेही तिला कळलं नाही.