वेगळं धुणं

"लग्न हिचं, आणि कंबर मोडतेय माझी," धाकटी चादरीची टोकं ओढत पुटपुटली.

दोघी जावांनी चादर ताणली, झटकली, मधोमध दुमडली आणि टोकाला टोक जुळवायला एकमेकींच्या पुढ्यात आल्या. नाकाला नाक लागेल इतक्या जवळून थोरली म्हणाली,

"मग नको करू का?"

"कर बाई, कर! पन्नाशीत नवरी व्हायचं भाग्य लागतं. आम्ही बसतो चादरी दुमडत."

थोरली इतकी हसली की चादर सुटली आणि पुन्हा झटकावी लागली. लग्न रविवारी होतं. त्यांच्या लाँड्रीचा बॉयलर दुरुस्त करायला आलेला माणूस बॉयलर धड झाल्यावरही येत राहिला, तेव्हाच धाकटीने ओळखलं होतं. आता लाँड्रीभर नुसती लगबग होती. थोरली इस्त्री करता करता गुणगुणायची, आणि गुणगुणण्याच्या नादात एका गिऱ्हाइकाची कॉलर जळाली, तरी तिला कुणी बोललं नाही.

कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यांच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्यांना कोपऱ्यात वेगळ्या रंगाचा टाका असे. थोरलीचा नवरा गेला, त्यानंतर तिच्या चादरी-टॉवेलांनाही लाल टाका आला. तो धाकटीने घातला होता. लाल टाक्याचे कपडे सगळ्यात शेवटी, वेगळ्या पाण्यात उकळायचे. नवरा कशाने गेला ते घरात कुणी उच्चारलं नाही. 'त्याचं दुखणं' एवढंच म्हणत. उच्चारायचं नाही म्हटल्यावर थोरलीनेही कधी तपासून घेतलं नाही.

बोलला तो बॉयलरवाला. "मी रक्त तपासून आलो. तुम्हीही या. निकाल काही का लागेना, रविवार हलत नाही."

म्हणून एका दुपारी दोघी दवाखान्यात जाऊन बसल्या. धाकटीचा नवरा नेहमीप्रमाणे टेम्पो घेऊन फिरतीवर होता. तो परतला की घरातली माणसं एकदम हवापाण्यावर बोलू लागत.

नर्सबाईंनी आधी सगळी विचारपूस केली, मग थोरलीच्या बोटाला सुई टोचली. "निकाल इथेच कळेल. बसा."

थोरलीचे पाय एका जागी ठरेनात. धाकटी टेबलाकडे वाकली.

"सिस्टर, टॉवेल किती वेळ उकळायचे असतात हो?"

"कशासाठी?"

"म्हणजे... ते... पसरू नये म्हणून."

"टॉवेलाने नाही पसरत. कपबशीने नाही, संडासाने नाही. निरोध न वापरता आलेला संबंध, बाधित रक्त, आणि आईकडून बाळाला. टॉवेलाने कुणाचं काय केलंय?"

धाकटीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "इतकी वर्षं मी हिचं धुणं वेगळं..."

"ठाऊक आहे गं मला," थोरली म्हणाली. "म्हणून तर माझे टॉवेल घरात सगळ्यात पांढरे!"

नर्सबाईसुद्धा हसल्या. धाकटी हसली, पण रुमालाची घडी घालत. चौपदरी, मग आठपदरी.

"आणि माणूस धडधाकट असला तर?"

"पुष्कळ जण धडधाकटच दिसतात. वर्षानुवर्षं त्यांचं त्यांनाही कळत नाही. असे आजारही बरेच आहेत. काही तर साध्या औषधाने बरे होतात. पण तोंडाकडे बघून अंदाज बांधायचा नाही. आपला संबंध कुणाशी, त्याचा आणखी कुणाशी, आणि निरोध होता का, हे बघायचं."

"बाई एकाच नवऱ्याची असली तर?"

"तर नवऱ्याचं काय, ते बघायचं."

रुमालाची आता आणखी घडी होत नव्हती.

नर्सबाईंनी टेबलावरची तपासणीची पट्टी उचलून उजेडात धरली. "काही नाही निघालं. शेवटचा संबंध इतक्या वर्षांपूर्वीचा म्हणताय, तेव्हा हा निकाल पक्का धरा."

थोरली उठली, बसली, पुन्हा उठली. तिने नर्सबाईंचे दोन्ही हात धरले, मग धाकटीचे गाल, मग फोन. "ऐकताय का? काही नाही! रविवार पक्का!"

"तो पक्काच होता!" फोनमधून इतक्या जोरात आलं की बाहेरच्या बाकावरचं माणूस आत डोकावलं.

"चल गं, ऊठ!" थोरलीने पिशवी खांद्याला लावली. "अजून खरेदी राहिलीय, तुला चपला बघायच्यात..."

धाकटी उठली. पण दाराकडे न जाता ती थोरलीच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसली आणि तिने हात टेबलावर ठेवला.

"माझंही बघा," ती म्हणाली. "ह्यांची बाहेर एक बाई आहे. घरात सगळ्यांना माहीत आहे."