हिरव्या पट्टीचं पुस्तक

संघपाल सर शाळा सुटल्यावर घरी न जाता सरळ दारात येऊन उभे राहिले, तेव्हाच मालनबाईंनी ओळखलं की नातीनं काहीतरी केलंय. पोरगी चांगली वागली, हे सांगायला कोणता मास्तर एवढ्या उन्हात येतो!

सर स्वतः लहानपणी बाईंच्या हाताखाली शिकलेले. खुर्ची पुढे केली तरी बसेनात.

"बाई, नीतूनं आज वर्गात उभं राहून सांगतलं, विक्कीचा कंपास मीच चोरला म्हणून. अना कंपास तं विक्कीच्या घरीच होता, पलंगाखाली. त्याची माय आणून देऊन गेली. मी नीतूले विचारलं, काहून खोटं बोलली बेटा? तं रडाले लागली. म्हणे, मंग हे नसंल, दुसरं काई असंल."

बाईंना काही उमगेना. सर गेल्यावर शेजारची बायाबाई कुंपणावरून डोकावली. ही तळ्यातली मासोळी घेऊन बाजारात बसणारी, तोंडाची फटकळ, मनाची साफ. ती हसतच म्हणाली, "माह्याकडेही आली होती वं बाई तुमची नीतू. कुंडी मी फोडली म्हणे. आता ते कुंडी माह्या डोळ्यादेखत बकरीनं फोडली. बकरीचा गुन्हा पोरगी काहून अंगावर घेते?"

बायाबाई हसली, पण बाईंची नजर घरात वळली. आत पलंगावर त्यांची सून, नीतूची आई रंजू, पडून होती. पोटातली गाठ पसरली होती आणि नागपूरच्या डॉक्टरांनी आता घरीच न्या म्हणून सांगितलं होतं. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं, आठ वर्षांच्या नीतूखेरीज.

मालनबाईंची गोष्ट सांगायची तर त्या पुस्तकांची गोष्ट सांगावीच लागेल. शाळेतून निवृत्त झाल्यापासून नागपूरच्या एका लहानशा ख्रिस्ती प्रकाशनासाठी त्या मुलांच्या गोष्टी छापण्याआधी वाचून देत. कोणती गोष्ट कोणत्या वयाच्या पोरांच्या हाती द्यायची, हे त्या ठरवीत. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पुस्तकाच्या पाठीवर हिरवी पट्टी, त्यापुढे पिवळी, आणि मोठ्यांसाठी लाल. त्यांची पेन्सिल एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी होती. लालनं खोडायचं, निळीनं जोडायचं. बाई डोळ्यांत तेल घालून वाचीत. दारूचा पेला दिसला की पिवळी पट्टी, प्रेमपत्र दिसलं की लाल. सैतान चालायचा, पण त्यानं अंधारात खिडकीशी यायचं नाही. आणि हिरव्या पट्टीत कुणी म्हणजे कुणी मरायचं नाही. एका बिचाऱ्या लेखकाचा म्हातारा बैल शेवटच्या पानावर मरत होता, त्याला बाईंनी निळ्या पेन्सिलीनं उठवून पुन्हा वखराला जुंपलं होतं. बायबलातसुद्धा माणसं मरतात की, असं चर्चचे पाळक हिरालाल एकदा म्हणाले. तर बाई म्हणाल्या, "शास्त्र देवानं लिहिलं. त्याले पट्टी लावाचं काम माह्याकडे नाई."

पाळक गप्प बसले. बाईंपुढे बहुतेक लोक गप्पच बसत, आणि खरं सांगायचं तर बाईंना ते आवडत असे.

आंधळगावची रीना मात्र गप्प बसली नव्हती. तिनं एक गोष्ट लिहिली होती. गुड्डी नावाची पोरगी शेजारणीच्या टोपलीतली एक मासोळी चोरून खाते आणि कुणाला सांगत नाही. पुढे तिची माय आजारी पडते, गुड्डी रोज प्रार्थना करते, तरी माय मरते. पुष्कळ दिवसांनी गुड्डी घाबरत घाबरत शेजारणीला सगळं सांगते. तर शेजारीण म्हणते, मासोळीचा अना तुह्या मायच्या मरणाचा काई संबंध नाई पोरी, हे घे आणखी एक मासोळी अना घरी जाय.

बाईंना गोष्ट फार आवडली. आवडली म्हणूनच त्यांनी तिच्यावर हात चालवला. आधी कबुली, मग मायचं बरं होणं, अशी त्यांनी मांडणी केली. गुड्डी मासोळीचं कबूल करते, आणि तिसऱ्या सकाळी माय उठून चुलीशी बसते. शेजारणीचं ते वाक्य त्यांनी लाल टोकानं खोडलं. आता त्याची गरजच उरली नव्हती.

रीना एसटीनं त्यांच्या घरी आली होती. ओसरीतल्या खाटेवर बसून म्हणाली होती, "बाई, माही माय मेली तेव्हा मी आठ वर्षांची होती. ते वाक्य तेव्हा मले कोणी सांगतलं नाई. त्याच एका वाक्यासाठी मी हे पुस्तक लिहिलं."

"मंग मोठ्यांसाठी लिही बेटा," बाई मायेनं म्हणाल्या. "लहान पोराइले कायले रडवाचं?"

रीनाचं पहिलंच पुस्तक होतं. ती मान हलवून गेली. बाईंचा शेवट लावून, हिरव्या पट्टीनं पुस्तक निघालं आणि घराघरांत पोचलं. नीतूच्या हातात ते बाईंनीच दिलं होतं, मोठ्या कौतुकानं.

संघपाल सर येऊन गेले त्या संध्याकाळी बाईंनी नीतूला मागच्या पायरीवर बसवून घेतलं.

"न केलेल्या गोष्टी काहून सांगून राहिली तू?"

नीतूनं आधी आत पाहिलं, मम्मी ऐकत तर नाही ना. मग हळूच म्हणाली, "गुड्डीनं एकच केलं होतं न आजी, म्हणून तिले लगेच समजलं. मी काय केलं ते मले आठवूनच नाई राहिलं. केलेलं सगळं सांगून झालं. तरी मम्मी नाई उठली. म्हणून आता न केलेलंही सांगून राहिली. त्यातलं एखादं केलं असंल तं?"

बाईंनी चाळीस वर्षं पोरांना शिकवलं होतं. "असं नसते बेटा," एवढंच त्या कशाबशा म्हणाल्या.

"पुस्तकात तं हाये," नीतू म्हणाली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. ते मी लिहिलं, खोटं लिहिलं, असं एकदाचं बोलून टाकलं असतं तर! पण बाईंना धीर झाला नाही. आजीनं दिलेलं पुस्तक खोटं, म्हणजे आजी खोटी, आणि आई जाणार त्या घरात पोरीला धरायला निदान आजी तरी खरी नको का, असा हिशेब त्यांनी मनात केला. माणूस भ्याला की त्याला हिशेब बरे सुचतात.

रंजूनं मात्र पायरीवरचं सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सासू पाणी पाजायला आली तेव्हा तिनं मनगट धरलं. हातात जोर उरला नव्हता, तरी बाईंना मनगट सोडवता आलं नाही.

"आई, मी आता नाई राहत. त्याचं मले काई नाई. पण ते पोरगी जन्मभर सोतालेच दोषी धरंल. मी सांगतलं तं म्हणंल, मम्मी आजारी हाये म्हणून समजावते. तुमी सांगा. पुस्तक तुमचं होय."

"सांगतो माय. रविवारी उपासनेहून आलो की सांगतो."

"रविवार कायले? आजच सांगा न."

"आज तिले थोडा ताप हाये."

ताप खरंच होता, थोडासा. बाईंनी मधे नागपूरला फोनही लावून पाहिला. संपादक प्रफुल्ल त्यांना मुलासारखा. पुस्तकाचा शेवट बदलता येईल का, म्हणून विचारलं. तो हसून म्हणाला, "बाई, तुमचाच शेवट आहे न तो? त्याच्यासाठीच तं लोक पुस्तक घेऊन राहिले. अना हिरव्या पट्टीत कोणी मरत नाई, हे मले कोणी शिकवलं?" बाईंनी फोन ठेवला. आपलेच शब्द असे परत आले की त्यांच्याशी भांडताही येत नाही.

रंजू रविवारपर्यंत थांबली नाही. शुक्रवारी सकाळी चहा उकळत असताना ती गेली. लिलाधरनं, तिच्या नवऱ्यानं, महामार्गावरचं आपलं टायरचं दुकान तसंच उघडं टाकून धाव घेतली, पण तोवर सगळं आटोपलं होतं.

दुपारी भंडाऱ्याहून शवपेटी आली. त्यांच्या शहापुरात ख्रिस्ती घरं थोडी, तरी माणसांनी घर भरलं. पाळक हिरालाल आले, संघपाल सर आले, बायाबाई बाजार सोडून आली. पुढच्या खोलीत पेटी ठेवली होती आणि नीतू तिच्या काठाला धरून आईच्या कानाशी लागली होती. सकाळपासून ती आईजवळून हलली नव्हती. बायकांना वाटलं, पोर आईशी बोलतेय. त्या पदर डोळ्याला लावत होत्या. ती काय बोलतेय ते एकट्या मालनबाईंना ऐकू येत होतं.

"मम्मी, मी साखर खाल्ली होती. मम्मी, गृहपाठ केला नाई तरी केला म्हटलं. मम्मी, एकदा मले तुहा राग आला होता. मम्मी, कुंडी..."

बाईंना ते सोसेना. त्या तिच्याजवळ खाली बसल्या आणि तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"नीतू, ऐक माहं. तू काई केलं नाई. गुड्डीची माय उठलीच नव्हती. मेली होती ते. उठली, हे मी लिहिलं. खोटं लिहिलं."

"पुस्तकात?"

"हो. खरा शेवट मी खोडला. तू रडू नये म्हणून."

नीतूचं पुटपुटणं थांबलं. डोळे पुसून ती आजीकडे पाहत राहिली, आणि पाहता पाहता तिचा चेहरा उजळला. बाईंना वाटलं, सुटली पोरगी. उशिरा का होईना, देवानं ऐकलं.

"म्हणजे खोटं तू बोलली?"

"हो."

"अना कोणालेच सांगतलं नाई?"

"नाई."

"मंग तेच होय!" नीतू ओरडलीच. खोलीतले सगळे वळून पाहू लागले. "माहं नाई, तुहं होतं ते! म्हणून मम्मी उठून नाई राहिली! आजी, सांग न आता, सगळ्याइले सांग!"

सांगावं, तर आपल्याच हातानं लिहिलेलं ते खोटं पुन्हा एकदा खरं म्हणून वठवायचं. न सांगावं, तर एवढी एक गोष्ट आजीनं केली नाही म्हणून माझी आई गेली, हे पोरगी मरेपर्यंत धरून बसणार. सुटायला जागा कुठेच नव्हती. नीतू त्यांचा पदर ओढत होती. तिच्या डोळ्यांतली आशा पाहवत नव्हती.

बाई गुडघ्यांवर आल्या. पाळकांकडे न पाहता त्यांनी मंडळींसमोर सगळं सांगितलं. रीनाची गोष्ट, लाल पेन्सिल, निळी पेन्सिल, तिसरी सकाळ. रंजूला दिलेला आणि न पाळलेला शब्दही सांगितला. आणि खोडलेलं ते वाक्य, मासोळीचा अना तुह्या मायच्या मरणाचा काई संबंध नाई पोरी, हे त्यांनी नीतूकडे पाहून पुन्हा पुन्हा म्हटलं. बायाबाई तोंडात पदर कोंबून रडू लागली. पाळकांनी मान खाली घातली.

नीतूनं त्यातलं काहीच ऐकलं नाही. ती आईच्या तोंडाकडे पाहत होती. तिनं आईच्या नाकाशी बोटं धरली. मग ओढणी सारखी करून दिली, उठल्यावर पायात येऊ नये म्हणून. बराच वेळ झाला. कबरस्तानात जाण्याची वेळ होत आली, आणि लिलाधर कुणीतरी हातात दिलेलं पेटीचं झाकण घेऊन भिंतीशी उभा राहिला.

नीतूनं एकदा बापाकडे पाहिलं आणि घाईघाईनं आजीच्या खांद्याला धरून हलवलं.

"आणखी काई राहिलं असंल आजी. आठव न लवकर, पप्पा झाकण घेऊन उभे हायेत."