पाट्यावरची चेन

रविवारी मालोजी शर्यतीच्या मैदानात दिसला तर त्याला घरी न्यायला खाट घेऊन या, असा निरोप शनिवारी सकाळी आमच्या दारात आला. आणणारे तिघे होते. जीप गल्लीच्या तोंडाशी सोडून ते चालत आले, कारण आमच्या चाळीच्या बोळात जीप शिरत नाही.

मालोजी माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन सांगोल्याकडून पिंपरीला आले तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं आणि भाकरी चतकोर जास्त मागताना तो लाजायचा. सासूबाई आधीच गेलेल्या. तापात त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवण्यापासून शर्टाला बटणं लावण्यापर्यंत सगळं माझ्याकडे आलं. माझी छबी जन्मली ती बऱ्याच नंतर. पोर वाढवायला मी मालोजीपासूनच शिकले.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. चाकणच्या अलीकडे माळ सपाट करून मोटारसायकलींची मातीची शर्यत ठेवली होती. मोटारसायकलच्या एका कंपनीतले साहेब बघायला येणार होते. गाड्या चालवून तपासायच्या कामाला त्यांना पोरं हवी होती. मालोजी दोन दारं सोडून मन्सूरच्या गॅरेजात पाने फिरवायचा. त्याची जुनी जावा त्या दोघांनी भंगारातून उभी केलेली. त्याला दुसरं काही दिसत नव्हतं.

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, म्हणून सरावही गुरुवारीच झाला. वळणावर अर्जुनने बुटाची टाच मालोजीच्या नडगीत मारली. हा अर्जुन चाकणच्या ठेकेदार दौलतरावांचा पुतण्या. नडगीची साल निघाली, तरी मालोजी त्याच्या पुढे निघून गेला. अर्जुनला नोकरी नको होती. आपल्या गावच्या मातीत आपल्यापुढे कुणी जाऊ नये, एवढंच हवं होतं.

शनिवारी सकाळी हे पहिल्या पाळीला गेलेले. अंगणात लाकडी ठोकळ्यावर जावा उभी होती. समोरचा दिवा, हॉर्न, स्टँड सगळं उतरवलेलं. मन्सूर एकेका नटाला बारीक तार बांधत होता, हादऱ्याने सुटू नये म्हणून. चेन काढून रॉकेलच्या परातीत भिजत घातली होती. ती धुऊन निघाली की जर्मनच्या जुन्या पातेल्यात ग्रीस वितळवून त्यात उकळायची, हे काम माझं. छबीच्या तेलाची वाटी आणि ग्रीसचं पातेलं माझ्या एकाच स्टोव्हवर चढायचं. ती खांबाला बांधलेल्या झोळीत झोपली होती.

"काय रं," अर्जुन आत येत म्हणाला, "आंघोळ घालतोस व्हय गाडीला? उद्या नवरी न्हायची हाय का?"

"नवरीच हाय," मालोजी मान वर न करता म्हणाला. "तू करवला म्हणून ये. मागनं चालायची सवय हायच तुला."

मन्सूर फस्सकन हसला. ते हसणंच नडलं. अर्जुनने खाटेचा निरोप दिला आणि बोलता बोलताच जावाला लाथ घातली. गाडी ठोकळ्यावरून कोसळली. तिचं हँडल झोळीच्या दोरीत अडकलं, झोळी गर्रकन फिरून खांबावर आपटली आणि छबी अर्धी बाहेर लोंबली. मी झेप घालून तिचा पाय धरला. ती ओरडली तेव्हा कुठे माझा श्वास सुटला.

मालोजीने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने परातीत हात घातला.

चेन हवेत उलगडली तेव्हा तिचा आवाजही झाला नाही. आवाज झाला तो अर्जुनच्या तोंडावर, ओली लाकडी फळी मोडावी तसा. तो गुडघ्यावर बसला. मालोजीने पुन्हा मारली, कानावर, आणि पुन्हा, तोंड झाकलेल्या बोटांवर. रॉकेल आणि रक्ताचे शिंतोडे माझ्या भिंतीवर तिरके उडाले. अर्जुनचा जबडा एका बाजूला सरकला होता, आणि तो काहीतरी बोलायला बघत होता, पण तोंडातून नुसते बुडबुडे येत होते. त्याच्या एका माणसाने टायर काढायची पट्टी उचलून मन्सूरच्या डोक्यात घातली. दुसऱ्याने मालोजीकडे धावताना मला पाठीत लाथ मारली. मी छबीवर पालथी पडले होते. त्याला मी दिसलेच नसेन, वाटेत आले होते एवढंच.

चाळीतली माणसं बाहेर आली तेव्हा ते दोघे अर्जुनला काखेत धरून नेत होते. जाताना एकजण म्हणाला, "उद्या ये मैदानात. येच."

"येतो," मालोजी म्हणाला.

तो धापा टाकत होता आणि हसत होता. मी छबीला छातीशी धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. हेच तोंड मी तापात पुसलं होतं.

पोलिसांत कुणीच गेलं नाही. दोन्हीकडे रक्त होतं, आणि दौलतराव कुणाबरोबर चहा पितात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मन्सूरच्या डोक्याला मी हळद दाबून माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. मालोजीने चेन रॉकेलमध्ये परत धुतली, आणि मग सरळ आत जाऊन माझ्या देव्हाऱ्यातलं कुंकू आणलं. दसऱ्याला चाळीत आम्ही पाने-हातोड्यांना कुंकू लावतोच. पण ह्यांच्या घराण्यात त्याहून एक वेगळं आहे. हत्याराने रक्त काढलं की त्याला त्याच दिवशी कुंकू लावून मान द्यायचा आणि ते काम पुरं होईपर्यंत दुसरं हत्यार हातात घ्यायचं नाही. आजेसासऱ्यांनी एका कोयत्याला असंच केलं होतं म्हणतात. मालोजीने चेनीला कुंकू लावलं.

"वैनी, उकळून दे."

मी पातेलं चढवलं. छबी मांडीवर, पाठीत कळ, हातात सांडशी. ग्रीस वितळलं तशी मी चेन खालीवर करू लागले. एक कडी वाकेना. बाकीच्या सापासारख्या वळत होत्या, ही मात्र ताठ. बाहेर काढून कापडाने पुसली. कडीची पट्टी चिरलेली होती, आणि खाचेत काहीतरी पांढरं बसलं होतं. सुईने काढलं. दाताचा तुकडा होता.

मी तो स्टोव्हच्या जाळात टाकला आणि दोघांना हाक मारली.

मन्सूरने चेन उजेडाकडे धरली. "भाभी बरोबर सांगतात. चिरलीय. भर वेगात सुटली तर मागचं चाक जाम, नाहीतर तुझी पोटरी सोलून नेईल. दुसरी टाकतो."

"न्हाई."

"अरे, ऐक—"

"रक्त प्यालीय ती. दगा देणार न्हाई."

"लोखंड आहे रे ते, भावा. लोखंड काय पितं?" मन्सूर पट्टीवरून डोकं दाबत म्हणाला.

मालोजी चेन घेऊन बाहेर गेला. मन्सूर माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला काय सांगणार होते? चेन बदलली तर मालोजी मैदानात धड पोचेल आणि तिथे काठ्या घेऊन उभी असलेली माणसं त्याला मारतील. नाही बदलली तर त्याला चेनच मारेल. मी छबीच्या पायाला तेल लावत दोन्ही गोष्टी मनात घोळवत बसले, आणि दोन्हींच्या शेवटी तीच खाट होती.

संध्याकाळी हे आल्यावर त्यांनी भावाला समजावलं, हात जोडले, शेवटी शिवी दिली. "दादा, तुमी आयुष्यभर मशीनपुढं उभं राह्यलात," मालोजी म्हणाला, "मला बसून जायचंय." सकाळी हे पाळीला गेले. खाडा केला असता तर घरी बसून दुसरं काय बघणार होते?

रविवारी मालोजी चाळीच्या न्हाणीत अंघोळीला गेला तेव्हा चेन अजून गाडीवर चढवलेली नव्हती. देव्हाऱ्यापुढे ठेवली होती. मी ती उचलली आणि अंगणातल्या मोरीजवळच्या पाट्यावर ठेवली. ताठ कडी सापडायला वेळ लागला नाही. वरवंटा दोन्ही हातांनी धरून घातला. पहिल्या घावाला वरवंट्याचीच कपची उडाली. मग मी छबीकडे पाठ केली आणि जोर लावला. मी असा जोर तिला जन्म देतानाच लावला होता. पट्टी तुटली. मी थांबले नाही, शेजारच्या कड्याही चेपल्या. कुंकू आणि ग्रीस पाट्यावर चिखलासारखं पसरलं.

मालोजी पंचा गुंडाळून बाहेर आला. त्याने पाट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याच्या हाताचा फटका माझ्या कानशिलावर असा बसला की मी मोरीच्या कठड्यावर जाऊन आदळले. ओठ फाटला. तोंडात खारट आलं. त्याने पुन्हा हात उचलला.

छबी किंचाळली. कालच्यासारखीच.

हात तसाच वर राहिला. ओला, तेलकट.

"मार," मी म्हटलं. "मारून झालं की बस इथंच. जाऊ नकोस."

तो वळून मन्सूरकडे पळाला. मीही पदर ओठाला लावून मागे गेले. "जोड टाक हिला," तो तुटकी चेन पुढे करून म्हणाला. "न्हाईतर गॅरेजातल्या कुठल्याबी गाडीची चेन दे."

मन्सूरने चेन बघितली, माझा ओठ बघितला. "जोड संपलेत," तो म्हणाला. "आणि गिऱ्हाइकाची चेन मी काढत नाही."

जोडांची डबी त्याच्या खिशात खुळखुळत होती. मला ऐकू आली. मालोजीलाही आली असणार, पण मन्सूरच्या अंगावर तो गेला नाही. तो तिथेच बाकड्यावर बसला, ओल्या पंचात. मग उठून घरी आला, चेन पाट्यावर परत टाकली, मी जेवत होते तेव्हा पातळ वरणाने ओठ झोंबतो का म्हणून विचारलं, आणि माझ्या पायाशी बसला. शर्यतीची वेळ निघून गेली.

मला वाटलं, सुटलो.

दुपारी ते आले. ह्या वेळी बोळभर माणसं होती आणि पुढे दौलतराव. पांढरं धोतर, हातात काही नाही.

"मैदानात वाट बघितली तुझी," दौलतराव म्हणाले. "आमच्या पोराचा जबडा तारेनं शिवलाय. जन्माचं वाकडं तोंड घिऊन फिरल त्यो. आता बोल."

मी उंबऱ्यात उभी राहिले. "त्याला मारायचं असेल तर आधी—"

"बाई, तान्हं हाय कडंवर. आत व्हा. बायकांवर हात टाकायला आमी आलो न्हाई."

"काल तुमच्याच माणसानं माझ्या पाठीत लाथ घातली."

दौलतरावांनी मागे वळून बघितलं. कुणी मान वर केली नाही. त्यांनी जवळच्या पोराच्या थोबाडीत मारली. तोच होता की दुसरा, कुणास ठाऊक. "झालं?" मला म्हणाले. "तुमचं फिटलं. आता ह्याचं."

मन्सूर आपल्या दारातून धावला. चौघांनी त्याला भिंतीशी दाबून धरलं, आणि त्याच्या डोक्यावरची माझी पट्टी पुन्हा लाल झाली. एकाने गज उगारला.

"त्याला सोडा," मालोजी म्हणाला. "माझं माझ्याशी."

"जीव घेत न्हाई," दौलतराव म्हणाले. "मैदानात घेतला असता. तितं पोरं पेटल्याली हुती, मी आवरू शकलो नसतो. इथं मी हाय. ज्या हातानं मारलंस त्यो हात ठेव."

मालोजीने इकडे तिकडे पाहिलं, आणि मग मोरीजवळ जाऊन गुडघे टेकले. पाट्यावर तुटकी चेन तशीच होती. त्याने ती डाव्या हाताने बाजूला सारली आणि उजवा हात ठेवला. पंजा पसरून, मेंदी काढायला ठेवावा तसा.

"वैनी, आत जा. छबीला दिसंल."

मी छबीचं तोंड माझ्या मानेत दाबलं. आत गेले नाही. त्यांच्यातल्या एकाने माझा वरवंटा उचलला. पहिल्या घावाला मालोजी ओरडला नाही. दुसऱ्याला ओरडला. तिसरा मनगटावर होता, आणि तो आवाज मी सकाळी ऐकला होता, कडी तुटताना. त्यानंतर दौलतरावांनी "बास" म्हटलं. वरवंटा होता तिथे नीट ठेवायला लावला आणि माणसं घेऊन गेले.

खाट लागली नाही. मन्सूरने त्याला रिक्षात घातलं, माझ्या पदराची पट्टी फाडून हात बांधून. बोळाच्या तोंडापर्यंत मालोजी आपल्या पायांनी चालत गेला.

दवाखान्यातून तो आला तेव्हा हात खांद्यापासून पांढरा होता. डॉक्टर म्हणाले, बोटं वाकतील थोडी, मुठीत जोर येणार नाही. जावाची वेगाची मूठ उजवीकडेच असते. हे कुणी कुणाला समजावून सांगितलं नाही.

पाटा मी गरम पाण्याने घासला, पुन्हा घासला. वाटण तर वाटायचंच होतं, घरात दुसरा पाटा नव्हता. वरवंट्याची कपची उडालेली जागा तळव्याला लागते.

मालोजीला मी भरवते. एका मांडीवर छबी, समोर तो. तिला पेज, त्याला वरणभात. ती त्याच्या प्लॅस्टरवर मऊ भात थापते आणि तो तिला डावा अंगठा चोखायला देतो.

काल घास तोंडाशी नेला तेव्हा त्याने माझं मनगट धरलं. माझ्या ओठाच्या खपलीकडे बघत होता.

"वैनी, चेन मोडली नसतीस तर मी पयला आलो असतो."

"आला असतास," मी म्हटलं. "तोंड उघड."