ताईची रोजची गोळी

ताईचं पाठीचं दुखणं जुनं; रोजच्या गोळीवर ती शिवणकाम रेटायची. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि वॉर्डातल्या डॉक्टरांनी तीच गोळी बंद केली. ताई चादर आवळून कण्हत होती.

"ऑपरेशननंतर इतरांना दुखण्याचं एवढं इंजेक्शन पुरतं," डॉक्टर म्हणाले. "यांना सवय लागलीय."

माझं डोकंच फिरलं. "सवय नाही, दुखणं आहे ते! त्यावर आता तुमचे टाके. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंना बोलवा, दुखण्यावरची औषधं त्यांना जास्त कळतात; तोवर मी इथून हलणार नाही."

त्या आल्या. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली, टाक्यांसाठी वेगळं औषध दिलं. संध्याकाळी ताई शांत झाली.

"एवढं ओरडायचं असतं का गं?" ती पुटपुटली.

"मग काय हात जोडू?"

डॉक्टर शेजारच्या खाटेपर्यंत आले आणि आमच्याकडे न बघताच परतले. माझा राग अजून उतरलेला नाही.