ज्याचा बॅज त्याच्याच हातात

परिषदेच्या दाराशी बॅज वाटणाऱ्या पंचशीलाबाईंच्या टेबलावरून कोणी दुसऱ्याचा बॅज उचलून नेईल, ही गोष्ट नांदेडात तरी होणे नाही. परिषद डॉक्टरांची असो की वकिलांची. बाई आधी तोंड बघणार, मग नाव विचारणार, मगच बॅज देणार. हॉलच्या दाराशी बॅज मशीनपुढं धरला की टुंई वाजतं आणि माणसाची हजेरी लागते. डॉक्टरांना तर या हजेरीचे पॉइंट लागतात, नाहीतर पुढं डॉक्टरकीची नोंदणी अडते. म्हणून एकानंच चार-पाच जणांचे बॅज आणायचे, एकामागून एक वाजवायचे आणि बाकीच्यांनी घरी पाय पसरून झोपायचं, हा उद्योग सगळीकडं चालतो. बाईंच्या दारात नाही. भल्याभल्या सर्जनांना त्यांनी उन्हात उभं केलंय, आणि तेही हसून.

विष्णुपुरीजवळची ही डॉक्टरांची परिषद मात्र त्यांना जड गेली. आदल्या संध्याकाळी बॅज लावता लावता ‘डॉ. प्रियदर्शनी, लातूर’ हे नाव हाताशी आलं आणि हात तिथंच थांबला. ही त्यांची धाकटी बहीण. आई-बाप गेल्यावर बाईंनीच तिला वाढवलं, शिकवलं, डॉक्टर केलं. त्या धांदलीत स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. दोन वर्षांपूर्वी लातुरात तिच्या दवाखान्याचं उद्घाटन झालं. सासरकडच्या कुणा बड्या पाहुण्यानं बाईंकडं बघून विचारलं, या कोण? प्रियदर्शनी म्हणाली, “या नांदेडच्या, आमच्या ओळखीच्या.” बाई भरलं ताट खाली ठेवून तडक बसस्टँडवर आल्या.

तेव्हापासून ना फोन, ना निरोप. बुद्धपौर्णिमेला बाई फोन हातात घ्यायच्या आणि परत ठेवायच्या. एकटीसाठी कुकर लावायचा तरी कशाला, म्हणून कितीदा चहा-पावावर झोपायच्या. घरात बोलायला कोणी नसलं की माणूस भांड्यांशी बोलायला लागतो, तसं त्यांचं झालं होतं.

त्यांनी तो बॅज खोक्यातून काढून आपल्यापुढं ठेवला. माफीबिफी काही नको होती. तिनं टेबलाशी यावं, चारचौघांत अक्का म्हणावं आणि हात पुढं करावा, बस्स. एवढ्यासाठी बाई ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या.

सकाळी आला कोण, तर सत्यम. लातूरचा हा औषध कंपनीचा माणूस. डॉक्टरांची कामं करून करून केस पांढरे झालेले. लातूरकरांचे सगळे बॅज द्या म्हणाला. बाईंनी नेहमीसारखं नाही म्हटलं. मग त्यानं हळूच सांगितलं, की निदान प्रियदर्शनी मॅडमचा तरी द्या, त्या बाहेर गाडीत बसल्यात, त्यांनीच पाठवलंय.

“मग उतरायला सांगा त्यांना,” बाई म्हणाल्या. “ज्याचा बॅज त्याच्याच हातात.”

नियम तोच होता, पण आवाज नियमाचा नव्हता. दोन वर्षांचा राग बोलून गेला. सत्यम गाडीकडं गेला.

मग हीऽ रांग लागली. बाईंना रांगेपलीकडं बघायला फुरसत मिळेना. पुढं बाईमाणसाचा हात आला की बाईंचा हात त्या बॅजकडं जायचा, आणि तो हात दुसऱ्याच कुणाचा निघायचा. रांग सरली, जेवणं सुरू झाली. टेबलावर एकच बॅज उरला.

न राहवून बाई फाटकाशी गेल्या. तिथं राखणीला रेवणप्पा होता, देगलूरकडचा, त्यांनीच तयार केलेला. लातूरच्या मॅडम आल्या होत्या का, असं त्यांनी उगीच सहज विचारल्यासारखं विचारलं.

“आल्या होत्या की. बॅज न्हाई तर आत न्हाई, तुमचंच सांगणं. म्हणलो, टेबलावर पंचशीला मॅडम हायत, त्यांच्याकडून घ्या.”

“मग?”

“लई वेळ तुमच्याकडं बघून राहिल्या. तुमची मान खाली होती, गर्दी होती. दोन पावलं आल्याबी. मग काय झालं कुणास ठाऊक, गाडीत बसल्या अन् गेल्या.”

रेवणप्पाला काय बोलणार? त्याचं काहीच चुकलं नव्हतं. सकाळी तो बॅज मुकाट्यानं दिला असता, तर पोरगी आत आली असती. बोलली नसती, पण दिवसभर डोळ्यांना दिसली तरी असती. बाईंना रडूच आलं, तिथंच, फाटकाशी रचलेल्या बिस्किटांच्या खोक्यांआड.

दुपारचं सत्र सुरू झालं, सगळे आत गेले. हॉलच्या दाराशी चहाचा कप घेऊन एकटा सत्यम उभा होता. बाई आल्या, बहिणीचा बॅज मशीनपुढं धरला. टुंई वाजलं. हिरवा दिवा लागला.

सत्यम बघतच राहिला. इतक्या वर्षांत या बाईनं असं कुणासाठी केलेलं त्यानं पाहिलं नव्हतं.

“मॅडमना सांगू का, हजेरी लागली म्हणून?” त्यानं विचारलं.

बाईंनी बॅजची फीत नीट गुंडाळून त्याच्या हातात दिली.

“सांगा. अन् कुणी लावली विचारलं तर म्हणावं, नांदेडच्या एक बाई होत्या. तुमच्या ओळखीच्या.”